शेवटच्या भेटीची तारीख

छंदविषयक संकेतस्थळांवर सदस्याच्या नावाखाली ‘शेवटची भेट’ म्हणून जी तारीख झळकते, ती पुष्कळदा भेटीची नसून लॉगिनची, म्हणजे परवलीचा शब्द टाकून आत शिरल्याची असते. त्यामुळे एकदा शिरून महिनोन्‌महिने बाहेरच न पडणारा, रोज जुन्या नाण्यांची छायाचित्रे न्याहाळणारा जालन्याचा संग्राहक नोंदीपुरता केव्हाच परागंदा झालेला असतो. त्यात सर्व्हर, म्हणजे या नोंदी सांभाळणारा संगणक, बहुधा जागतिक प्रमाणवेळ पाळतो आणि ती भारतीय वेळेच्या ५ तास ३० मिनिटे मागे असल्याने अंबड किंवा भोकरदन येथून मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत दिलेली भेट आदल्या दिवसाच्या खाती जमा होते. (छंदिष्ट मंडळी नेमकी याच वेळी जागी असतात, हा भाग अलाहिदा.) भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आणि जालना शहर ७६ अंशांच्या किंचित अलीकडे वसलेले असल्याने तेथील घड्याळे मुळातच सूर्याच्या सरासरी २६ मिनिटे पुढे धावतात, याची तक्रार मात्र कोणी करीत नाही. तेव्हा एखाद्या सदस्याला विरक्त, रुष्ट किंवा दिवंगत ठरवण्यापूर्वी त्याला सरळ निरोप धाडून पाहावा.