उद्या पाणी येणार नाही

छापून आणायची हौस यवतमाळला नवी नाही. लोकनायक बापूजी अण्यांचं 'लोकमत' साप्ताहिक शंभरेक वर्षांपूर्वी याच गावातून निघालं. नागपुरात त्याचं दैनिक व्हायला १९७१ साल उजाडलं. माझ्या भाच्याचं न्यूज पोर्टल दुपारी दोनला निघालं आणि चारला 'जिल्ह्यातील नंबर वन' झालं. मुख्य संपादक तोच, वार्ताहर तोच. मुद्रितशोधक कोणीच नाही.

कागदावरची चूक दुसऱ्या दिवशी भज्यांच्या पुडीला जायची आणि तेलात विरघळायची. इंटरनेटवर भजी तळत नाहीत, म्हणून तिथल्या चुका ताज्याच राहतात.

भाच्याचा जुना मजकूर कृतिदेव फाँटातला. या फाँटात आत बसलेली असतात इंग्रजी अक्षरं, वरून फक्त मराठीचा मुखवटा. समोरच्याकडे तो फाँट नसला की मुखवटा गळतो आणि 'यवतमाळ' असं दिसतं: अर्धविराम, ओ, आर, ई, के, जी. सोळा तालुक्यांचा जिल्हा, आणि त्याची सुरुवातच अर्धविरामानं!

"माह्या कॉम्प्युटरवर तं बराबर दिसते नं मामा," भाचा म्हणाला.

ऑनलाइन जगातल्या निम्म्या चुकांचा उगम या एका वाक्यात आहे. आपला कॉम्प्युटर आपल्याशी खोटं बोलतो, घरच्या माणसांसारखं, मन राखायला. उपाय दोन. मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणायचा. हे सगळे करतात. मग तो वाचायचा. हे कोणी करत नाही. कन्व्हर्टरमध्ये रफार उडी मारतो आणि 'दारव्हा मार्ग बंद'चं 'दारव्हा मागर् बंद' होतं. शेवटचा तपास दुसऱ्याच्या फोनवर करावा, शक्यतो काच तडकलेल्या.

यावर भाच्यानं काढलेला तोडगा असा, की अख्खी बातमी लाल-पिवळ्या चित्रातच टाकायची. फाँटाची कटकट मिटली. पण चित्रातलं शोधयंत्राला नीट सापडत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन नुसतं 'इमेज' म्हणून पुढं सरकतो. मजकूर मजकूर म्हणूनच द्यावा आणि चित्रासोबत त्यात काय आहे याची एक ओळ लिहावी, एवढंच तर आहे.

फोटोंचं काही विचारू नका. आमच्या वणीच्या कोळसा खाणीच्या बातमीवर सप्तशृंगीचा गड झळकला, कारण नाशिककडेही एक वणी आहे. नशीब, देवीच्या बातमीवर खाण नव्हती. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. पोर्टलवरचा वाघ त्याहून लांबचा निघाला. त्याच्या पायाखाली बर्फ होतं.

"अबे, पांढरकवड्यात बर्फ काऊन पडलं?"

"पांढरकवडाच हाय नं मामा, पांढरं दिसनारच."

फोटो कुठला आणि कोणी काढला हे खाली लिहायची सवय असती, तर हा सैबेरियाचा पाहुणा आपसूक सापडला असता.

पण सगळ्यांत थोर चूक तारखेची. 'उद्या शहरात पाणी येणार नाही' ही बातमी भाच्यानं कधीतरी टाकली. खाली तारीख नाही, नगराचं नाव नाही, बिघाड कुठला तेही नाही. तेव्हापासून ती दर उन्हाळ्यात गटागटांतून फिरते. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटायला लागली की बायका ती वाचून पिंप भरून ठेवतात. उद्या कधीच संपत नाही. मी त्याला बसवून सांगितलं: बातमीच्या डोक्यावर गाव आणि तारीख टाक, मजकुरात 'आज-उद्या'ऐवजी वार लिही. चुकलं तर गुपचूप पुसू नकोस, खाली 'दुरुस्ती' म्हणून वेळेसकट सांग.

पोरगं गुणी. पुढची बातमी त्यानं तारीखवार, प्रभागवार टाकली. त्या दिवशी सकाळीच नळाला धो-धो पाणी आलं. दुपारपर्यंत त्याचा फोन वाजत होता.

"तुमचं आयकून फसलो मामा," तो म्हणाला. "बिनतारखेची बातमी आजलोक एकदाबी खोटी निंघाली नव्हती."