हाताने चालतंय!

दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर रोज रात्री फाइल टाकणारी स्क्रिप्ट ज्यांनी लिहिलेली असते, असे एक दादा प्रत्येक ऑफिसात असतात. स्क्रिप्ट पडली की दादांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हाताने चालतंय!" मग चारचौघांना स्क्रीनपाशी बोलावून ते कमांड मारतात. फाइल खरोखर जाते. दादा विजयी मुद्रेने चहाला जातात आणि रात्री दोनला स्क्रिप्ट पुन्हा आडवी.

दिवसा दादा असतात, रात्री क्रॉन असतो. पण हे दादांना सांगणार कोण? नवा सर्व्हर आला तेव्हा एसएसएचने विचारलं, "ओळख पटली का?" दादांनी न वाचता 'यस' ठोकलं, तेही स्वतःच्या लॉगिनमधून. रात्रीची स्क्रिप्ट चालते वेगळ्या यूजरने. तिच्यासाठी 'यस' म्हणायला कुणी नाही. बिचारी दारातूनच परत.

दादांचं औषध एकच: 'स्लीप ३०'. नाही जमलं तर ६०. अंगाऱ्यासारखं ते प्रत्येक ओळीच्या कपाळी लावलेलं असतं आणि वर कॉमेंट: 'काढू नये. का ते विचारू नये.' त्याखाली रिट्रायचा लूप.

हा लूप एफटीपीशी गाठ पडली की रंगतो. एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ चा, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतल्या अभय भूषण यांचा. एफटीपीत हुकूम एका कनेक्शनवरून जातो, माल दुसऱ्यावरून. ही रीत ठरली तेव्हा मध्ये फायरवॉल बसलेली नव्हती. आता मोठी फाइल तासभर जात राहते, हुकुमाची लाइन तेवढा वेळ गप्प. फायरवॉलला वाटतं, इथे कुणी नाही. ती लाइन कापते. माल पूर्ण पोचतो, पण 'पोचला' हा निरोप येत नाही. स्क्रिप्ट घाबरून पुन्हा पाठवते. आणि पुन्हा.

सकाळी अकाउंट्सचा फोन: पगाराची फाइल तीनदा आली आहे!

"तीनदा?" दादा खुश. "म्हणजे कनेक्शन उत्तम आहे."

शेवटी नुकत्याच लागलेल्या एका मुलीने लॉग वाचला. (लॉग वाचायचा असतो, हीच खात्यात बातमी होती.) तिने कीप-अलाइव्ह लावलं, म्हणजे हुकुमाच्या लाइनने मधूनमधून खाकरत राहायचं. शिवाय फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवून, आकार जुळला की मगच खरं नाव द्यायचं. गाडी सुरळीत झाली.

"मी पहिल्यापासून नेटवर्कच म्हणत होतो," दादा म्हणाले. "आणि ऐक, तो स्लीप मात्र राहू दे हं."