उत्स्फूर्त सर

"विषय काय छापू, सर?" ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस फोनवर विचारतात.

"विषय मी ठरवत नसतो. त्या क्षणी आतून जे उमटेल ते."

म्हणून फलकावर खडूनं लिहिलं जातं, 'विषय : ऐन वेळी'. मानधन आणि जाण्यायेण्याची रिक्षा मात्र आधी ठरते. तेवढं अंतःप्रेरणेवर सोडून भागत नाही.

व्यासपीठावर सर प्रथम डोळे मिटतात. सभागृह चिडीचूप. मग म्हणतात, "मी कोरा आलोय. खिशात चिठ्ठीसुद्धा नाही." हे अगदी खरं. पाठ असलेल्याला चिठ्ठी कशाला लागते? या कोऱ्या मनातून दर खेपेला तेच गळणारं पान येतं, तोच नातवाचा किस्सा येतो. "आत्ता, या क्षणी काहीतरी चमकून गेलं..." म्हणत सर पंख्याकडे बघू लागले, की मागचा साउंडवाला पोरगा मुकाट आवाज कमी करतो. पुढचं वाक्य सर ओरडून म्हणणार, हे त्याला ठाऊक. आसपासचे सगळे कार्यक्रम त्याच्याकडेच असतात.

उत्स्फूर्तपणाशी माझं वैर नाही. कीर्तनकार समोरची मंडळी बघून ऐन वेळी दृष्टान्त फिरवतो. पण पूर्वरंग-उत्तररंग त्यानं वर्षानुवर्षं घोटलेले असतात. मुंबईत विड्यांचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर बसून मराठीत बोलत. मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संभाषणांचं इंग्रजी पुस्तक केलं, ते १९७३ साली निघालं, आणि परदेशी माणसं खेतवाडीचा पत्ता विचारत आली. ते अख्खं पुस्तक म्हणजे प्रश्नोत्तरं. समोरचा काय विचारेल याचा नेम नाही, म्हणून उत्तर ताजं.

आमचे सर प्रश्न घेत नाहीत. प्रवाह तुटतो म्हणे. एकदा पहिल्या रांगेतल्या आजींना राहवलं नाही. "अहो सर, तुमचा नातू गेल्या वर्षी चौथीत होता, आजही चौथीतच? नापास झाला की काय?"

सरांनी डोळे मिटले. पंख्याकडे पाहिलं. पाणी प्यायले. काही उमटेना. त्या दिवशी आभारप्रदर्शन लवकर उरकलं.

तेव्हा संयोजकहो, सरांना जरूर बोलवा. फक्त पंधरा मिनिटं झाली, की फिरता माइक श्रोत्यांत सोडा. मानधन तेवढंच पडेल.