कळसूबाईच्या उंचीवरची वांगी

डेन्व्हर, रविवार, 22 मे 2022

ती. आई-बाबांस,


आधी आईसाठी. आम्ही सगळे धडधाकट आहोत, वीज आहे आणि गॅसवर कुकर आहे. बंड्यादादाने तुला मोबाइलवर दाखवलेली ती बर्फात गाडलेली गाडी आमची नव्हे. असले व्हिडिओ कुठून कुठे फिरतात देव जाणे. तुझा फोन आला तेव्हा मी आणि केदार बॅटरी घेऊन परसात वांग्यांना पांघरूण घालत होतो, म्हणून उचलला नाही.

बाबा, तुमचा प्रश्न, "मे महिन्यात कसला बर्फ?" अहो, आम्ही राहतो 5280 फुटांवर. कळसूबाईच्या शिखराहून फार तर शे-सव्वाशे फूट खाली. तिथे वांगी लावायची म्हटल्यावर आणखी काय होणार? गुरुवारी तीस डिग्रीच्या वर ऊन होतं, केदार बनियनवर गवत कापत होता. शुक्रवारी उत्तरेकडून गार वारा सुटला, संध्याकाळी पाऊस आला आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला. इथे सगळे सांगतात की मदर्स डे होईपर्यंत टोमॅटो लावू नका. आम्ही तो रविवार उलटल्यावरच लावले. पण बर्फाला आईच नसावी.

आता नुकसानीचा पंचनामा. मिरच्या गेल्या. तुळशीची इथली बहीण, बेसिल, काळी ठिक्कर पडली. लायलॅकची एक मोठी फांदी कडकन मोडली. जानेवारीत फूटभर बर्फ पडला तरी झाडं हूं का चूं करत नाहीत, कारण तेव्हा फांद्या उघड्या असतात. आत्ता अंगभर पानं, त्यात वसंतातला बर्फ ओला आणि जड. केदार रात्री केरसुणी घेऊन फांद्या खालून वर हळूहळू हलवत होता. वरून बडवलं तर फांदीच हातात येते. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

मेथी आणि मटार मात्र बर्फाखालून ताजेतवाने बाहेर आले. कढीपत्त्याची कुंडी आमच्याआधीच घरात येऊन बसली होती. टोमॅटो आणि वांगी वाचली ती सासूबाईंच्या सोलापुरी चादरींमुळे. प्लास्टिक चालत नाही, ते जिथे पानाला चिकटतं तिथूनच गारठा आत शिरतो. कापड जमिनीपर्यंत सोडायचं, म्हणजे मातीची ऊब आत राहते. चादरी कमी पडल्या तेव्हा केदारने आजीच्या लुगड्यांची गोधडी उचलली. मी इतक्या जोरात ओरडले की मुक्ता झोपेतून उठून आली. मिरच्या पुन्हा विकत मिळतील. त्या गोधडीत हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे ना, आजी चुलीपुढे बसायची ते, त्याला नाक लावलं की अजून धुराचा वास येतो. केदार म्हणतो, येत नाही. त्याला काय कळतंय.

आता खरी गंमत. बर्फ वितळायला लागला, छपरावरून पागोळ्या सुरू झाल्या, आणि मी आपली बादली घेऊन धावले. केदार म्हणाला, "थांब, कायदा आहे." हो बाबा, छपरावरून येणाऱ्या पाण्यालाही कायदा! कोलोरॅडोत ज्याने नदीच्या पाण्यावर आधी हक्क सांगितला, त्याचा हक्क पहिला. आमच्या पन्हळीतलं पाणी खाली साउथ प्लॅट नदीला मिळायचं आणि त्या नदीकाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या हक्काचे शेतकरी बसलेले. म्हणून 2016 पर्यंत बहुतेक घरांना पावसाचं पाणी साठवायचीच बंदी होती. त्या वर्षी कायदा बदलला आणि उदारपणे दोन पिंपांची परवानगी मिळाली. दोन्ही मिळून 110 गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आत. तेही फक्त बागेला घालायचं, प्यायचं नाही.

आजी पागोळ्यांखाली हंडा, कळशी, घंगाळ, जे सापडेल ते मांडायची. इथे असती तर तिच्यावर खटला भरला असता आणि तिने न्यायाधीशालाच पाणी भरायला लावलं असतं. वर्षाकाठी पाऊस किती, तर जेमतेम पंधरा इंच. आपल्याकडे जुलैतला एक चांगला आठवडा! शिवाय मे ते सप्टेंबर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा फवारे बंद, आणि गवताला आठवड्यातले तीनच दिवस पाणी. नियम मोडायला मी तयार आहे, पण केदार कोकणातला नाही.

तुमच्याकडच्या बातम्या. मंदाकाकूंनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं, तेल चोळून काही व्हायचं नाही. बंड्यादादाने जीप घेतली हे छान, आता ती ढकलायला माणसं शोधावीत. बाबा, आंब्याच्या पेटीला भाव नाही म्हणून तुम्ही कुरकुरता. दोन वर्षांनी आपला हापूस यंदा इकडे आलाय आणि डझनाची पेटी पन्नास डॉलरच्या घरात आहे. मी दुकानात नुसता वास घेऊन परत आले. वासाला अजून पैसे नाहीत.

आणि नमूआत्याचं फणसाचं भांडण. फांदी भाऊकाकांच्या आवारात लोंबते म्हणून फणस त्यांचा? तिला सांगा, कोलोरॅडोचा कायदा लाव. झाड कुणाच्या आजोबांनी आधी लावलं, एवढंच विचारायचं. भाऊकाकांना खाली उभं राहून फणस पडताना बघायचा पूर्ण हक्क आहे, उचलायचा नाही.

निकाल लागला की कळवा. गरे तळलेत तर फोटो पाठवू नका, गरे पाठवा.

तुमची,
अनू

ता. क. आई, मुक्ताला आता टोमॅटोंना रोज रात्री पांघरूण घालायचं आहे. आता थंडी ओसरली आहे. मी चादरी धुवायला टाकल्यात, तर ती आमच्या अंगावरच्या चादरी मागतेय.