फोटोकाका आणि पंचमीची भरती

प्रत्येक सोसायटीत एक फोटोकाका असतो. निवृत्तीचे पैसे हातात आले की कुणी गावी घर बांधतं, कुणी गुडघे बदलून घेतं, कुणी चारधामला जातं. फोटोकाका लेन्स घेतो. पाठोपाठ खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट येतं. त्यातल्या निम्म्या खिशांत काही नसतं आणि उरलेल्या निम्म्यांत नेमकं हवं ते नसतं. सत्यनारायण, डोहाळजेवण, वार्षिक सभा, गच्चीवरची टाकी धुणं, कशालाही तो न बोलावता हजर असतो. फोटो मात्र कुणाच्या हाती लागत नाहीत, कारण ते ‘एडिटिंगला’ असतात. माझ्या थोरल्याच्या मुंजीचे फोटो एप्रिलपासून एडिटिंगला होते. दिवाळी झाली, बटूच्या डोक्यावर पुन्हा जंगल माजलं, तरी ते तिथेच होते.

आमच्या फोटोकाकांचं एक तत्त्व आहे: ठरवून फोटो निघत नाही. बँकेत उभा जन्म एकतीस मार्चच्या धाकात गेल्यामुळे ‘वेळापत्रक’ म्हटलं की त्यांना घशाशी येतं. “प्रकाश काय तुला विचारून येतो?” असं ते कुणालाही सुनावतात. त्यामुळे ते कधीही निघतात, आणि बरोबर कोण येणार हेही आधी ठरत नाही. गेटपाशी सापडेल तो. त्या रविवारी पहाटे पावणेपाचला सासूबाईंना एसटीत बसवून परतताना मी सापडलो.

“चल, बस. अलिबाग! समुद्रावरचा सूर्योदय गाठू.”

मागच्या सीटवर काकू चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं माहेर रेवदंड्याचं. “अहो, अलिबागला सूर्य समुद्रातून उगवणार असेल तर आधी सोसायटीची सभा बोलवा,” एवढंच म्हणून त्यांनी डोळे मिटले. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य नारळी-पोफळीच्या मागून येतो आणि समुद्रात बुडतो, हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी एवढा खोलात विचार केला नव्हता. सूर्योदय आम्हाला भेटला तो खोपोलीत, एका कंटेनरच्या मागे. काकांनी गाडी बाजूला घेऊन कंटेनरचे बारा फोटो काढले. पेणला गणपतीच्या कारखान्यांसाठी थांबायचंही त्यांच्या मनात आलं, पण काकूंनी डोळे न उघडताच “नाही” म्हटलं.

वडखळ सोडल्यावर काकूंना जाग आली. “आज पांडवपंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला पुरती भरती, साडेनवाच्या सुमाराला सुकती. किल्ल्यात चालत जायचं तर साडेअकराच्या आत परत.” हा हिशेब किनाऱ्यावरच्या आयाबायांना पाढ्यांबरोबरच येतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीचे वाजले किती ते कळतं. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास आणि अष्टमीला सहाला. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, पण वर्षभराचं कोष्टक आधीच छापून ठेवता येतं. समुद्राइतका वेळेचा पक्का कारकून दुसरा नाही, आणि फोटोकाका नेमके त्याच्याकडे मुक्तपणा शोधायला जातात!

पोचलो तेव्हा समुद्र चांगलाच आत गेला होता आणि कुलाबा किल्ल्याच्या दिशेने ओली वाळू पसरली होती. घोडागाड्या चालू होत्या. आम्ही चालत निघालो आणि थोड्याच अंतरावर काका दिसेनासे झाले. वळून पाहिलं तर ते पोटावर आडवे. समोर खेकड्याचं बीळ होतं. करंगळीच्या नखाएवढा खेकडा वाळू तोंडाशी नेत होता, त्यातलं खाण्याजोगं काढून घेत होता आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकत होता. बिळाभोवती मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या गोळ्यांच्या किरणांसारख्या ओळी उमटल्या होत्या. खरोखर पाहण्यासारखी चीज होती, हे मान्य. पण काकांनी किती वेळ पाहावी? कॅमेऱ्याची सावली पडली की खेकडा आत, काका श्वास रोखून थांबले की खेकडा बाहेर. भोवती माणसं जमली. एका बाईंनी “पाणी मारा तोंडावर” अशी सूचना केली. शेवटी घोडागाडीवाला म्हणाला, “आजोबा, उठा, चाक जाईल.” ‘आजोबा’ या शब्दाने काका उठले.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तो मोठा आधार. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याचा तलाव आहे, आणि तटापाशी यॉर्कशायरच्या लोखंडी कारखान्याचं नाव कोरलेल्या, चाकांवरच्या दोन तोफा आहेत. काकांनी यातलं काहीही काढलं नाही. “हे सगळेच काढतात.” त्यांनी तटावर ट्रायपॉड मांडला, लेन्सवर काळी काच चढवली आणि लाटांचे फोटो सुरू केले. ती काच लावली की शटर बराच वेळ उघडं ठेवता येतं आणि खळाळणारा समुद्र फोटोत दुधट, थिजलेला येतो. काकूंनी स्क्रीनवर पाहिलं. “धुकंच काढायचं होतं तर लोणावळ्याला थांबलो असतो. पेट्रोल तरी वाचलं असतं.”

साडेअकरा वाजले. काकू उठल्या, काका उठले नाहीत. पाऊण वाजता वाटेवर कमरेएवढं पाणी होतं. होडीवाल्याने जाकिटाकडे पाहूनच भाव सांगितला. काकूंनी माहेरच्या बोलीत तो निम्म्यावर आणला.

सुरमई, सोलकढी, मग सुरूच्या सावलीत एक डुलकी, आणि संध्याकाळी सूर्यास्त. आता मात्र सगळं जमून आलं होतं. आभाळ केशरी, पाणी नुकतंच उतरायला लागलेलं, थंडीला आलेले कुरव पक्षी थव्याने घिरट्या घालत होते. काकांनी डोळा लावला, बटण दाबलं. कॅमेरा म्हणाला, कार्ड भरलं. दुसरं कार्ड? जाकिटाचे अठरा खिसे उलटे झाले. घरी, कॉम्प्युटरमध्ये.

“काही हरकत नाही, जुने उडवतो,” म्हणत काका वाळूत बसले. सूर्य क्षितिजापासून चार बोटांवर होता. एकेक फोटो निरखत ते सरकू लागले.

“मातृभोजनाचे नऊ आहेत रे. एक ठेवू?”

“काका, हे सगळे अजून तुमच्या कार्डातच आहेत?”

“भिक्षावळीत तुझी आत्या डोळे मिटून आहे. गेली. हा अष्टवर्गातला... फोकस नाही. गेला.”

“अहो काका, त्यापेक्षा ते खेकडे काढा ना! दोनशे तरी असतील!”

काकांनी चश्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “खेकडा पुन्हा असा बसेल का?”

“आणि मुंज पुन्हा होईल का?”

“का?” काका बटण दाबत म्हणाले, “तुझ्या धाकट्याची व्हायचीय ना अजून?”