आता खोललंच आहे तर

जुन्या स्पोर्ट्स कारच्या देखभालीवर होणारा खर्च योग्य आहे की अयोग्य, हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा आहे. एका बाजूला खर्च मांडावा, दुसऱ्या बाजूला उपयोग मांडावा आणि जे पारडे जड भरेल त्याच्या बाजूने निकाल द्यावा, इतके ते सोपे असायला हवे. प्रत्यक्षात मात्र हा हिशेब करायला बसलेला मालक वर्षानुवर्षे बसूनच राहतो, वहीची पाने भरत जातात, वही संपते, दुसरी आणली जाते आणि त्या दुसऱ्या वहीची किंमतही देखभालीच्याच रकान्यात पडते. या चालढकलीमागे गणिताचा कच्चेपणा नसून एक पद्धतशीर युक्ती आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभी ‘स्पोर्ट्स कार’ ही संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. माणसे आणि सामान वाहून नेण्याच्या कामी जी मोटार जवळजवळ निरुपयोगी असते, परंतु ते काम न करताना जी अत्यंत देखणी दिसते, ती स्पोर्ट्स कार, अशी व्याख्या व्यवहारात पुरेशी ठरते. भारतीय रस्त्यांवर ही जात नेहमीच विरळ होती. तथापि १९९०च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची एक दोन आसनी मोटार तयार केली, जिचे छप्पर कापडी होते, अंग फायबरग्लासचे होते आणि जिच्यात रेनॉ या फ्रेंच कंपनीचे ११४९ सीसीचे, साधारण ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. आज मंडईत भाजी आणायला नेली जाणारी साधी हॅचबॅकदेखील बहुधा याहून अधिक घोडे बाळगून असते. ‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ. साठ घोड्यांच्या वादळाचे वर्णन हवामान खात्याच्या भाषेत करायचे तर ‘वाऱ्याचा जोर किंचित वाढण्याची शक्यता’ असेच करावे लागेल. पण ही मोटार जमिनीला इतकी लगटून चालते आणि तिच्यात बसलेल्या माणसाला शेजारच्या एसटीचे चाक इतक्या जवळून, थेट डोळ्यांच्या रेषेत दिसते, की ताशी पन्नासचा वेगही त्याला अचाट वाटतो. कमी पैशांत जास्त भीती, हा या गाडीचा खरा गुण मानता येईल.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून, साच्यावर थरावर थर बसवून केलेले कवच. ते गंजत नाही, ही गोष्ट समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत अत्यंत मोलाची आहे. याच गुणाचा या निबंधाच्या अखेरीस कसा विपर्यास होतो, ते पुढे येईलच.

अशा मोटारीचा मालक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाला अशांपैकी एक मालक अगदी जवळून ठाऊक आहे, इतका की रोज सकाळी दाढी करताना तो समोरच उभा असतो. तरीही शास्त्रीय तटस्थतेसाठी त्याचा उल्लेख येथे केवळ ‘मालक’ असा केला आहे. हा मालक पुण्यात राहतो, त्याची गाडी २००१ सालची आहे आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये करड्या आच्छादनाखाली ती अशी पडून असते, की नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडकरूंना ती गणपती मंडळाची उरलेली सजावट वाटते.

कायद्याच्या दृष्टीने या गाडीचे वय मोठे अडनिडे आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर ती दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठी या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये केले. उलटपक्षी, २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणजे जुनी म्हणून जपण्याजोगी, हा दर्जा मिळण्यासाठी मोटारीने वयाची ५० वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात. पंचविशीतली गाडी त्यामुळे सेवानिवृत्त तर झालेली असते, पण तिची पेन्शन सुरू व्हायला अजून पंचवीस वर्षे असतात, आणि ही मधली वर्षे तिने मालकाच्या पगारावर काढावीत अशी व्यवस्था आहे. विम्याचीही तीच तऱ्हा. ‘आयडीव्ही’ म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल तो आकडा. पहिली ५ वर्षे तो ठरलेल्या घसाऱ्याने उतरत जाऊन निम्म्यावर येतो आणि त्यापुढे कंपनी व मालक यांच्या आपसांतील सहमतीने ठरतो. येथे एका पक्षाला गाडीची किंमत शून्य वाटत असते व दुसऱ्याला ती अमूल्य वाटत असते, तेव्हा या दोहोंच्या मध्ये सहमतीला वाव भरपूर असतो एवढेच म्हणता येते.

आता खर्चाकडे वळावे. येथे एक खुलासा न्यायाचा आहे, की या गाडीला जे होते त्यात कारखान्याचा दोष नाही. पंचवीस पावसाळे काढल्यावर कापडी छप्पर पाझरते, रबर कडक होऊन चिरते, आणि पार्किंगमधल्या उंदरांना इंजिनच्या उबेत वायरी कुरतडायला आवडते, हे कोणत्याही गाडीच्या बाबतीत खरे आहे. उंदरांवर उपाय म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या व डांबरगोळ्या ठेवण्याची रीत आहे. मालकाच्या गाडीतील उंदीर त्यामुळे गेले नाहीत, मात्र गाडीत बसले की पानटपरी आणि आजीची ट्रंक यांचा मिश्र वास येतो. त्यातच पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्यांना व सीलांना मानवत नाही, म्हणून त्या बदलाव्या लागतात. उसाला भाव मिळावा म्हणून महाराष्ट्राने आजवर जो काही त्याग केला, त्यात या नळ्यांची नोंद कोणी घेतलेली नाही.

तरीही खर्चाचे खरे उगमस्थान नळ्या किंवा उंदीर हे नसून गॅरेजमध्ये बोलली जाणारी दोन वाक्ये आहेत. पहिले वाक्य ‘खोलून बघावं लागेल’ हे होय. ते निदान नसून निदानाची पूर्वअट असते. ते उच्चारताना मेस्त्री गाडीकडे न पाहता चिंध्यांनी हात पुसत दूर कुठे तरी पाहतो, आणि त्या क्षणी मालकाच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्या नातेवाइकाचे भाव येतात. दुसरे वाक्य त्याहून गहन आहे: ‘आता खोललंच आहे तर.’ हे वाक्य मेस्त्री पुरे करत नाही, कारण ते पुरे करण्याचे काम मालक स्वखुशीने करतो. वॉटरपंप बदलायला खोललेच आहे तर टायमिंग बेल्ट बदलून घ्यावा, बेल्ट उतरवलाच आहे तर ऑइल सील घालून टाकावे, सील घालायचे तर इंजिन माउंटिंगची रबरे कशाला जुनी ठेवायची, असा तो क्रम असतो आणि त्यातील प्रत्येक पायरी तर्काला धरून असते. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातील झडपांची उघडझाप दट्ट्यांच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा. तो धावत्या गाडीत तुटला तर पुष्कळशा इंजिनांत दट्टे झडपांवर आदळतात, हे ऐकल्यावर नाही म्हणण्याची छाती कोणाची होत नाही. नाना पेठेत सुटा भाग मिळत नाही, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कोणी तरी ‘चालून जाईल’ असा भाग दाखवतो, आणि तो चालत नाही असे ठरेपर्यंत महिना जातो. आठशे रुपयांच्या कामाला गेलेली गाडी अशा रीतीने अकरा हजारांची होऊन परतते.

यापुढे मालकाच्या वहीतील मुख्य समीकरण येते. उदाहरणादाखल वर्षाचा एकूण खर्च ३८,४०० रुपये आणि वर्षभरातील धाव ४८० किलोमीटर धरली, तर प्रति किलोमीटर खर्च ८० रुपये पडतो. पुण्यात रिक्षाचा २०२२ साली ठरलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये व पुढे दर किलोमीटरला १७ रुपये होता, हे पाहता निकाल स्पष्ट आहे. साधा माणूस येथे वही मिटून गाडी विकेल. मालकाने मात्र शाळेत अपूर्णांक नीट शिकलेले असतात, आणि अपूर्णांक लहान करायचा तर अंश कमी करण्याऐवजी छेद वाढवला तरी चालतो, हे त्याच्या ध्यानात येते. हीच गाडी वर्षाला २,४०० किलोमीटर चालवली, तर तोच खर्च प्रति किलोमीटर १६ रुपयांवर येतो, म्हणजे रिक्षापेक्षाही स्वस्त! मीटरचा वाद नाही, ‘तिकडे येणार नाही’ हा नकार नाही. या शोधाच्या आनंदात मालक एप्रिल महिन्यात पहाटे महाबळेश्वरला निघतो.

खंबाटकी घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. ट्रकांच्या रांगेत मागेपुढे करत गाडी तिसऱ्या वळणावर येते तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ दिसू लागलेली असते, आणि शेजारून सरकणाऱ्या ट्रकचा क्लीनर खिडकीतून वाकून सल्ला देतो, ‘हीटर लावा साहेब, हीटर!’ हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. केबिनचा हीटर इंजिनातील गरम पाण्यावरच चालत असल्याने तो पूर्ण जोरात सोडला की इंजिनची काही उष्णता आत बसलेल्या माणसांकडे वळवता येते. मालक तो अमलात आणतो. वर कापडी छपरातून झिरपणारे ऊन, पायांवर हीटरचा झोत, आणि शेजारच्या आसनावर सौभाग्यवती, ज्या घाट संपेपर्यंत एकही शब्द बोलत नाहीत व घाट संपल्यावर फक्त ‘महाबळेश्वर थंड असतं ना?’ एवढेच विचारतात. पसरणीच्या पायथ्याशी गाडी कायमची थांबते आणि परतीचा प्रवास टोइंगच्या ट्रकवरून होतो. येथे हिशेबशास्त्रातील एक नाजूक प्रश्न उपस्थित झाला, तो असा की ट्रकच्या पाठीवर बसून आलेले शंभरेक किलोमीटर छेदात धरावेत किंवा कसे. चाके फिरली नाहीत म्हणून ते धरू नयेत हे एक मत. गाडी गेली तेथून आली, मग प्रवास झालाच नाही असे कसे म्हणावे, हे दुसरे. टोइंगचे ६,००० रुपये अंशात गेले असल्याने मालकाने दुसऱ्या मताचा स्वीकार केला. त्या परतीच्या वाटेवर उंचावर चढून बसलेल्या गाडीला मुले हात करत होती आणि टोलनाक्यावर दोघांनी फोटो काढले, ही गोष्ट वहीत नाही, पण मालकाच्या बोलण्यात ती वारंवार येते.

अर्थशास्त्राने या वर्तनाची दखल घेतलेली आहे. परत न मिळणाऱ्या पैशांना ‘बुडीत खर्च’ म्हणतात आणि पुढचा निर्णय घेताना त्यांचा विचार करू नये असा नियम आहे; परंतु गेल्या दिवाळीत घातलेली क्लचप्लेट हा बुडीत खर्च आहे असे मालकाला सांगून पाहावे, तो उत्तर देईल की गाडी विकली तरच ती बुडेल, ठेवली तर ती चालूच आहे. दुसरी कल्पना रिचर्ड थेलर यांची. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या लेखी वाढते, या प्रवृत्तीला त्यांनी १९८० साली नाव दिले, आणि पुढे डॅनियल काहनेमन व जॅक नेट्श यांच्यासह १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले, की ज्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग नुकतेच देण्यात आले होते, ते आपला मग विकताना, विकत घेणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट किंमत मागत होते. ते मग त्या मुलांच्या हातात फार तर काही मिनिटे होते आणि त्यांतला एकही खंबाटकीत तापला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे मालकाने सांगितलेली किंमत वाजवी वाटू लागते.

किंमत सांगण्याचा प्रसंग तसा दर रविवारी येतो. आच्छादन काढून मालक गाडी पुसत असतो, कोणी तरी थांबतो, भोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, ‘देणार का?’ यावर मालक फडके खांद्यावर टाकून ‘नाही हो’ म्हणतो, आणि ते म्हणताना त्याच्या मुद्रेवर जी तृप्ती पसरते, तिच्यासाठीच ३८,४०० रुपये खर्च होत असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वही ही निर्णय घेण्यासाठी नाही; निर्णय चालू आहे असे घरात दाखवता यावे, आणि तोवर गाडी जागची हलू नये, यासाठी ती आहे. विचारणारा विकत घेणार नसतो, सांगणारा विकणार नसतो, आणि दोघांचाही अर्धा तास आनंदात जातो.

या व्यवस्थेला तडा गेला तो नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आल्यावर. सौभाग्यवतींनी शांतपणे भंगारवाल्याला बोलावले. तो आला, गाडीभोवती फिरला नाही, फोटोही काढला नाही. त्याने बोटाचे पेर दरवाजावर वाजवले, मग बॉनेटवर, मग मागच्या मडगार्डवर, आणि दर वेळी ‘ठण’ न येता ‘ठक’ असा आवाज आला. ‘हे वाजत नाही साहेब,’ तो म्हणाला. ‘लोखंड असतं तर किलोवर घेतलं असतं. इंजिन आणि खालचा सांगाडा काढून द्या, तो नेतो. ही वरची बॉडी कुणी घेत नाही, ती तुम्हालाच ठेवावी लागेल.’ न गंजणारी वस्तू भंगारातही जात नाही, हा फायबरग्लासचा दुसरा गुणधर्म अशा प्रकारे उघडकीस आला.

पंचवीस वर्षे नकार देण्याची सवय असलेल्या मालकाला नकार घ्यावा लागण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने भंगारवाल्याला चहा पाजला, स्वतःही घेतला, आणि तो कप खाली ठेवून जायला निघाला तेव्हा त्याला थांबवून छपराचे कापड शिवणारा कोणी ओळखीचा आहे का, असे विचारले. होता. रात्री वहीत नोंद झाली: ‘चहा (२), २० रुपये’, आणि रकाना अर्थातच देखभालीचा.