टॉर्कभाऊ

भिवंडीत दर नाक्याला एक टॉर्कभाऊ असतो. धामणकर नाक्यावर तो चहा पितो तोही उभ्यानेच, कारण बसलं की पाठीवरचं 'खारदुंगला' भिंतीकडे जातं. तो टी-शर्ट कल्याणला घेतलेला आहे. गाडीच्या दोन्ही अंगांना जेरीकॅन लटकवलेले असतात. पडघ्यापर्यंत जायला ते कशाला, असं विचारायचं नसतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, पूर्णा-राहनाळकडची वडिलोपार्जित जमीन गोदामाला गेलेली, महिन्याच्या महिन्याला भाडं येतं आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न त्याने फार पूर्वीच मिटवलेला आहे.

बाकीचे लोक गाडीचं मायलेज विचारतात. टॉर्कभाऊ विचारतो, "बोर किती, स्ट्रोक किती?" लग्नात नवऱ्या मुलाची चौकशी चालली असताना त्याने पोराच्या गाडीचं बोर-स्ट्रोक विचारल्याचं लोक सांगतात. मला त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

या वेडाला कारण आहे. भाऊंच्या घराला लागून यंत्रमागाचा कारखाना होता. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा आपटतो, आणि असे पन्नास माग रात्रंदिवस भिंतीपलीकडे चालू. तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, दारात उभा राहून, आत न जाताच, कुठल्या मागाचा पट्टा ढिला झालाय ते सांगायचा. त्या खटखटाटात झोपलेल्या पोराला शांतता म्हणजे वीज गेली एवढंच कळतं. पुढे त्याच्या आयुष्यात बुलेट आली. भाऊंचं ठाम मत, की मागाची आणि बुलेटची लय एकच. तसं पाहिलं तर चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणजे नुसती उभी असली, हजाराच्या आसपास फेऱ्या घेत असली, तरी मिनिटाला पाचशे ठोके. मागाच्या कितीतरी पट. पण हा हिशेब नाक्यावर मांडू नये.

पहिली बुलेट ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. मद्रासला 1955 मध्ये जी गाडी लष्करासाठी जुळवायला सुरुवात झाली, तिच्याच वळणाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ती चालू करणं म्हणजे पूजाच. आधी अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, मग डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक हळूच पुढे ढकलायची, कळ सोडायची, आणि मग देवाचं नाव घेऊन खरी किक. काटा चुकला की किक उलटून पोटरीवर. भाऊ अजूनही ती खूण लढाईतली जखम दाखवावी तशी दाखवतात. शेजारच्या पोराची स्प्लेंडर तेवढ्या वेळात अंजूरफाट्याला पोचलेली असायची.

"पण तिला टॉर्क कुठंय?" भाऊ म्हणतात.

इथे श्रोत्याने चहा सांगावा, कारण आता टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, प्रवचन आहे. बुलेटचा बोर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा पल्ला, 90. चाकणला बनणारी जुनी 390 बरोबर उलटी, 89 रुंद आणि पल्ला फक्त 60. दोन्ही साधारण साडेतीनशे ते पावणेचारशेच्या घरातल्या, एकेरी सिलिंडरच्या. पण 390 त्रेचाळीस घोड्यांची आणि बुलेट जेमतेम वीसची. लांब पल्ल्याची गाडी कमी फेऱ्यांतच ओढते, आखूड पल्ल्याची वर चढल्यावर पेटते. "आता मला सांग," भाऊ बोट रोखतात, "मानकोलीच्या ट्रॅफिकमधे वर चढायला जागा कुठंय?"

हे मात्र खरं आहे. कंटेनरच्या मागे, गोदामातून निघालेल्या टेम्पोंच्या गर्दीत, बुलेट दुसऱ्या गिअरवर क्लच न दाबता डुगडुगत जाते. 390 वाल्याचा पंखा सुरू होतो, रेडिएटरची गरम हवा मांड्यांवर येते, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसू लागतो. इंजिनाची रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोकळे रस्ते असतील, भिवंडी-वाडा रस्ता बहुधा नसेल. टूरिंगची गाडी म्हणजे ताशी दीडशेने जाणारी नव्हे, खड्ड्यातून बाहेर येताना बंद न पडणारी, ही भाऊंची व्याख्या मला बऱ्याच परीक्षणांपेक्षा पटते.

साडेसहाशेच्या जोडसिलिंडर गाडीवर भाऊ चहाचे दोन ग्लास घेऊन बोलतात. "जुन्या विलायती गाड्यांत दोन्ही पिस्टन बरोबर वर, बरोबर खाली." ग्लास एकदम वर, एकदम खाली. "2018 ची आपली आली, त्यात क्रँक 270 अंशांवर. एक वर पोचतो तेव्हा दुसरा निम्म्या वाटेत." आता ग्लास मागेपुढे. "म्हणून ठोके सारखे पडत नाहीत. एक, मग लगेच दुसरा, मग थोडं थांबून परत. थरथर कमी, आवाज मस्त." उरलेला चहा तोपर्यंत सांडलेला असतो. चहावाला आता भाऊंना रिकामे ग्लास दिल्याशिवाय हा विषय काढू देत नाही.

एवढं ज्ञान असून भाऊंची टूर जाते कुठे? वज्रेश्वरी. फार तर कसारा घाट. एकदाच वहिनी मागे बसून माळशेजला गेल्या, त्याच लोखंडी बुलेटवर. उतरल्यावर त्यांनी आधी पाय चाचपले. "अहो, हे माझेच आहेत ना?" आरशात म्हणे एका ट्रकचे तीन दिसत होते. त्यानंतर त्या देवदर्शनालाही स्वतःच्या स्कूटरवर जातात आणि भाऊंच्या आधी पोचतात.

मग बुलेटच्या कंपनीनेच वहिनींची बाजू घेतली. 2020 मध्ये नवं 349 सीसीचं इंजिन आलं, त्यात क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट. पिस्टनच्या धक्क्याला तो उलटा धक्का देतो आणि हँडलला शांतता लाभते. पुढच्या वर्षी तेच इंजिन क्लासिकमधे बसलं. भाऊंनी ट्रायल घेतली, खाली उतरले आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण वाजत नाही." घरचा दबाव मोठा होता, त्यामुळे घेतलीच. वहिनी पहिल्यांदाच पडघ्यापर्यंत मागे बसून हसत परत आल्या.

आठवड्याने भाऊ कल्याण नाक्यावरच्या मेकॅनिककडे हजर. आधी सायलेन्सर बदलायचं निघालं. ते नको म्हणून मेकॅनिकनेच सांगितलं, कारण पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात. मग त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"भाऊ, टॅपेट जरा ढिलं सोडू? थोडं वाजेल."

"सोड," भाऊ म्हणाले. "पण ही मागं बसली की वाजता कामा नये."